टेबलाखाली

आमच्या नव्या केंद्रात प्रत्येक मुलाला त्याच्या कलाने शिकवायचं ठरलं होतं. नियम एकच: मुलाला आवडेल तिथे त्याने बसायचं आणि बाईंनी तिथे जाऊन शिकवायचं. उद्घाटनाच्या सकाळी पालक भिंतीला टेकून उभे होते. खिडकीपाशी गाद्या होत्या, कोपऱ्यात उंच स्टूल होतं. पहिली विद्यार्थिनी दुसरीतली. तिने खोलीभर नजर फिरवली आणि थेट मधल्या टेबलाखाली शिरली. कुणीतरी फिस्सकन हसलं. "नुसती नाटकं हिची," तिचे वडील म्हणाले. नाव घालताना त्यांनीच मला सांगितलं होतं, पोरगी गणिताला तेवढी घाबरते, बाकी कशालाच नाही. पहिल्याच दिवशी अशी फजिती झाली तर बाकीचे पालक आल्या पावली परत जाणार. पण नियम माझाच होता. गुडघे टेकून मीही टेबलाखाली शिरले आणि मण्यांची पाटी तिच्यापुढे धरली. "यात लाल मणी किती गं?" तिचं पाटीकडे लक्षच नव्हतं. समोर पालकांच्या पायांची रांग दिसत होती आणि त्यातल्या काळ्या बुटांवर तिची नजर खिळली होती. "बाहेर ये म्हणतो ना!" वडिलांचा आवाज चढला. काळे बूट टेबलाच्या दिशेने येऊ लागले. "घाबरू नकोस, मी आहे ना," मी म्हणाले, पण माझाच आवाज चिरका आला. तिने सराईतपणे खुर्ची आत ओढून घेतली, गुडघे पोटाशी घेतले आणि माझ्या कानाशी पुटपुटली, "बाई, पाय आत घ्या."