बेटावरची दुपार

"तुझीच रेकॉर्ड लावलीय. घरच्यासारखं वाटू दे," म्हणत हवालदाराने आवाज वाढवला आणि प्रॉस्परच्या पाठीवर पट्टा हाणला. "तुझा संपवाला भाऊ कुठं लपलाय, बोल."

रेकॉर्डमधल्या लाटांच्या आवाजावर हवाईयन गिटार संथ झुलत होती. 'बेटावरची दुपार' ही प्रॉस्परची पहिलीच रेकॉर्ड पोलिसांनी त्याच्याबरोबर घरातून उचलली होती. आता ती त्याच्या किंकाळ्या झाकत होती. भिंतीपलीकडे त्याची बायको फिलू वकिलाला घेऊन आली होती. "असा माणूस इथं आणलेलाच नाही, बाई," असं साहेबांनी तिला सांगितलेलं त्याने रेकॉर्ड लागण्याआधी ऐकलं होतं.

प्रॉस्पर ओरडायचा थांबला. पट्ट्याचं बक्कल बरगडीवर बसलं, आत काहीतरी मोडलं, तरी त्याने श्वास राखून ठेवला. तिसरी धून संपत आली होती. तिच्यानंतर सहा सेकंद शांतता होती. लाटेला परतायला तेवढा वेळ हवाच, म्हणून तो स्टुडिओत सगळ्यांशी भांडला होता.

सूर विरला.

"फिलू, मी आत आहे," तो सगळा श्वास ओतून ओरडला.

पट्टा तोंडावर बसला. चौथी धून सुरू झाली, पण तिच्यापेक्षा मोठ्याने फिलू दार बडवत होती.