स्टेपनीचा खालचा सूर

बर्फ पडायच्या आत डोंगरावरची मेंढरं खाली आणायची, म्हणून आइसलंडातल्या स्टाइनुनबाईंच्या अंगणात लग्नघरासारखी धांदल होती. राहिली होती फक्त जीपची स्टेपनी. वासराएवढं जड ते धूड मागच्या दारावर चढवायचं होतं.

"आई, शेजारच्या केटिलला हाक मारू?" थोरल्या ग्रिमुरने विचारलं.

"मार की! म्हणजे स्टाइनुनची दोन्ही पोरं नुसती मटण खायला वाढलीत, असं तो वर्षभर सांगत फिरेल. उचला!"

मेंढरं आणायच्या दिवशी त्यांच्यात दोन सुरांत गातात, एक वरचा, एक खालचा. बाईंनी वरचा सूर लावला. खालचा सूर मिसळला आणि चाक फुलासारखं अलगद वर गेलं.

"बघा, गायलात की कसं जमतं!" बाई खुशीत ओरडल्या आणि पोरांकडे वळल्या.

दोघांच्याही ओठांत चाकाचे नट घट्ट धरलेले होते. दोघेही हात सोडून, डोळे विस्फारून मागे सरकले होते. चाक दारापाशी अधांतरी होतं, आणि खालचा सूर चालूच होता.

बाईंनी मान ताठ केली.

"गळा बरा आहे तुझा," त्या चाकामागच्या रिकाम्या जागेकडे बघून म्हणाल्या, "पण नट बसेपर्यंत थांबायचं नाही हं!" आणि त्यांनी पुन्हा वरचा सूर धरला.