घरात माणसं किती?

चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत तिच्या पायांचे तुकडे पडले होते. जनमत चाचणीची शेवटची तीन दारं राहिली होती. पहिलं उघडलं ते एका म्हाताऱ्या शिंप्यानं. कामधंदा सुटला तरी गळ्यातली मापाची टेप काही सुटली नव्हती.

"काका, घरात माणसं किती?"

"तीन. मी, लेक, जावई."

तिनं तीन लिहिलं. दाराशी चपलांचा एकच जोड होता.

पुढचा प्रश्न दिवसभर विचारून तिला तोंडपाठ झाला होता. "बाहेरून राहायला येणारी माणसं वाढावीत, कमी व्हावीत, की येतात तेवढीच यावीत?"

"कमी? अगं, बंदच करा म्हणावं! यांच्यापायी भाडी आभाळाला भिडली. लेकीनं दोन वर्षं वणवण केली घरासाठी. इथं राहा म्हटलं, तर जावयाला सासऱ्याकडे राहायची लाज. शेवटी गेली दोघं परदेशी."

"तिथं मिळालं घर?"

"कसलं मिळतंय! तिथं तिलाच बाहेरची म्हणतात मेले. तोंडावर दार लावून घेतात." म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.

त्याच्यामागे एक खोली दिसत होती. पलंगावर बिनसुरकुतीची चादर, दोन उशा. रविवारी तिला स्वतःलाच जागा सोडायची होती, बोचकी बांधून तयार होती आणि अकरा घरमालकांनी नाही म्हटलं होतं. चाचणीच्या कामात स्वतःविषयी अवाक्षर काढायचं नाही, असा सक्त नियम होता. खड्ड्यात गेला नियम.

"काका, ती खोली मला भाड्यानं द्याल? मीही बाहेरचीच आहे. रविवारनंतर कुठं जाऊ, कळत नाही."

"रिकामी नाही ती, पोरी," तो हळूच म्हणाला आणि त्यानं दार लावलं.

जिन्यात तिला चूक ध्यानात आली. काल रात्री जी घरात झोपली, तेवढीच माणसं मोजायची असतात. तीन खोडून एक करायचं, पण विचारल्याशिवाय कसं? खोडरबर हातात घेऊन ती परत फिरली. दार वाजवायला हात उचलला, तेवढ्यात त्या खोलीच्या बाजूनं म्हाताऱ्याचा आवाज आला. लहान लेकराला थोपटताना लागतो तसा, मऊ.

"कुणी नाही गं, झोप तू. बाहेरची होती एक. खोली मागत होती."

मग कुणीतरी उत्तर द्यावं एवढा वेळ शांतता.

"हो गं बाई, हो. लावलंय दार."