एक दिवस पुढचा खड्डा

“कोबी अजून फ्रीजमध्ये, आणि त्याचा कचरा खड्ड्यात पोचलासुद्धा!” ग्रेसी काल लटक्या रागाने करवादली होती.

भुईगावच्या वाडीतला तो खताचा खड्डा आठवडाभर असाच एक दिवस पुढे चालत होता. सकाळी त्यात ज्याची सालं दिसत, ती भाजी दुसऱ्या दिवशी घरात शिजे. तिने मुद्दाम बेत बदलून पाहिला, तर शेजारीण नेमकी तीच भाजी देऊन गेली. ग्रेसीला गंमत वाटायची.

आज खड्डा बटाट्याच्या सालांनी काठोकाठ भरला होता. एवढे बटाटे या घरात एकदाच सोलले होते, सासूच्या मयताच्या जेवणाला.

“कुणाची तरी पार्टी असेल,” नवरा, फेबियन, म्हणाला. ग्रेसीने घाईघाईने मान डोलावली. घराकडे बघायचं दोघांनीही टाळलं.

पायरीवर बसलेले आजारी सासरे खोकत हसले. “स्पष्ट बोल की, फेबियन. उद्या माझं मयत आहे.”