अप्पांचं वर्षश्राद्ध

गिरीधर आयटीत होता, तेव्हा वेलचेरीच्या त्या फ्लॅटमध्ये अप्पा त्याला रोज जेवायला हाक मारायचे आणि तो लॅपटॉपवरून नजर न काढता हात वर करायचा. "थोडं थांबा अप्पा, क्लायंट लाइनवर आहे." अप्पा थांबायचे. पानातलं रसम निवून जायचं.

मग दोन मुलं शाळेत असताना त्याने ती नोकरी सोडली आणि आजोबांची भिक्षुकी पत्करली. नात्यात कुजबुज झाली, पण त्याचं उत्तर तयार होतं. "आता कुठे जीव रमतोय, अक्का," तो थोरल्या बहिणीला, हरिणीला, म्हणायचा. "आणि घरच्या माणसांना वेळ देता येतो, हे सगळ्यात मोठं." हरिणीला ते मनापासून पटलं होतं. आज अप्पांच्या वर्षश्राद्धाला दुसरे गुरुजी बोलवायलाही त्याने नको म्हटलं. "आपल्या बापाचे मंत्र मीच म्हणणार!"

त्याने पिंड हातात घेतला. स्वयंपाकघराच्या दारात हरिणी पदर तोंडाशी धरून उभी होती. वर्षभराचं रडू तिने अप्पांचं नाव कानी पडेपर्यंत आवरून धरलं होतं.

"हं, आता वडिलांचं नाव घ्या," गिरीधर म्हणाला.

"कुणाला सांगतोस रे? तूच घे की," हरिणी हळूच म्हणाली.



गिरीधरने कानातला इयरफोन नीट बसवला आणि हात वर केला. "थोडं थांब अक्का, दुबईचे यजमान लाइनवर आहेत."