केबल काढल्यावरही उघडणारा फोल्डर

साहेब, खोटारडे आहात तुम्ही! नेटवर्कवरचं पलीकडचं मशीन भंगारात गेलंय म्हणालात, आणि त्याचा फोल्डर इथे दिसतो म्हणून माझ्याच नोकरीवर उठलात.

मी कर्नलमधून, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातून, दुसऱ्या मशीनचे फोल्डर इथे दाखवणारी नेटवर्क फाईल सिस्टिमच वगळली, कर्नल नव्याने बांधला, केबलही उपटली. तरी फोल्डर उघडला. आत एकच रेकॉर्डिंग.

"लाव की, गाणं असेल!" ऑपरेटर मावशी म्हणाल्या.

लावलं. स्पीकरमधून मावशीच म्हणाल्या, "लाव की, गाणं असेल!" आम्ही पोट धरून हसलो. स्पीकरमध्ये आम्ही आधीच हसत होतो.

मग त्यात दार वाजलं. मावशींचा आवाज: "साहेब आले वाटतं." माझा आवाज: "हे साहेब नाहीत."

आता खरंच दार वाजलंय. मावशी हसून म्हणतायत, "साहेब आले वाटतं."

हा मेसेज वाचताच, मी तोंड उघडायच्या आत बोला, साहेब. बाहेर तुम्हीच आहात ना?