गिरणीवरचं ऊन

वजाचं चिन्ह काही केल्या जात नव्हतं.

लाइनवर बिघाड झाला की वीज तोडणाऱ्या नव्या रिलेच्या छोट्या पडद्यावर आकडा होता आणि त्याच्या आधी ती आडवी रेघ. वीज उपकेंद्रातून लाइनवर जायला हवी. रिले म्हणत होता, ती लाइनवरून आत येतेय.

"वायरी उलट्या लागल्यात," साहेब म्हणाले. "लाइन बंद करा, दोन टोकांची अदलाबदल करा, तपासणीच्या कागदावर सही करा आणि जेवायला चला."

फिटर स्क्रूड्रायव्हर घेऊन पॅनलपाशी आलासुद्धा. टेस्टर पोरगी मात्र पॅनलसमोरून हलली नाही. नोकरीला लागून तिला वर्षही झालं नव्हतं. वायरी तिने सकाळी स्वतः एकेक करून तपासल्या होत्या, त्या बरोबर होत्या. मग आकडा उलटा का, ते तिला सांगता येत नव्हतं.

"ताई, एवढं काय मनावर घेता," फिटर म्हणाला. "इकडची वायर तिकडे. कुणाचं लग्न थोडंच मोडतंय?"

ही लाइन जाते कुठून, असं तिने त्याला विचारलं. त्याला तोंडपाठ होतं. बाजाराच्या मागून, शाळेच्या मैदानाला लागून, नदी ओलांडून सूतगिरणीपर्यंत.

मग तिने समजावलं. मैदानात तार तुटून पडली, तर करंट कुठल्या बाजूला धावतोय ते हा रिले व्होल्टेजशी ताडून बघणार. लाइनकडे धावत असेल तर क्षणात लाइनची वीज तोडणार. मागे धावत असेल तर बिघाड दुसऱ्या कुणाचा तरी आहे असं समजून गप्प बसणार. बरोबर लागलेल्या वायरी आज उलट्या केल्या, तर तार मैदानात जिवंत पडून राहील आणि हा गप्प बसेल.

फिटरची धाकटी त्याच शाळेत होती. तो पुढे सरकला नाही.

साहेबांनी आवाज चढवला नाही. सही करायची नसेल तर करू नकोस, एवढंच म्हणाले. उद्या दुसरा टेस्टर येईल, वायरी बदलेल, सही करेल.

तिच्या डोक्यात सूतगिरणी अडकली होती. गिरणीच्या छपरावर सोलर आहे का, तिने फिटरला विचारलं. आहे की, तो म्हणाला, अख्खं छप्पर भरलंय. आणि आज गिरणी चालू आहे? आज सुट्टी होती.

म्हणजे छपरावर भर दुपारी वीज तयार होत होती आणि ती खर्चायला तिथे कोणी नव्हतं. उरलेली सगळी लाइनवरून इकडे येत होती. रिले खरं बोलत होता.

साहेब हसले. "इथे केस पिकले माझे. वीज गिरणीकडे जाते. गिरणीकडून येत नाही."

तिने नंबर मिळवून गिरणीच्या वॉचमनला फोन लावला. काका, थोडा वेळ सोलर बंद कराल का? छे, मालक गेटबाहेर काढेल, असं उत्तर आलं. बरं, तिकडे ढग आहेत का? यावर तो जरा थांबला, कोणी थट्टा करतंय की काय असं वाटून. मग म्हणाला, आहेत, मोठे आहेत, येऊन जाऊन आहेत.

तिने फोन साहेबांच्या हातात दिला.

"तुम्ही व्हरांड्यात थांबा. काकांना फोनवर धरून ठेवा आणि मला काही सांगू नका. ढग आला की सोलर मंदावेल आणि वजा जाईल, म्हणून गिरणीवर ऊन आहे की सावली, ते मी इथून सांगते. एकदा जरी चुकले तर वायरी मीच बदलते आणि सहीही करते."

रिलेच्या खोलीला खिडकी नव्हती.

बराच वेळ वजा हलला नाही. मग आकडा घसरू लागला, शून्याशी रेंगाळला आणि आडवी रेघ नाहीशी झाली.

"सावली," ती म्हणाली.

बाहेर साहेबांनी फोनवर विचारलं. मग दारातून आत डोकावले. "अंदाज कुणाचाही एकदा लागतो," म्हणाले आणि परत गेले.

फिटर तिच्या खांद्यामागून पडद्याकडे बघत होता. आकडा पुन्हा उतरत शून्यावर आला. रेघ उमटली.

"ऊन."

या वेळी साहेब आत आले ते तोंडभर हसतच. त्यांनी फोन स्पीकरवर टाकला. "काका, हिला जरा पुन्हा सांगा."

"सावली आहे साहेब," वॉचमन म्हणाला. "गेटपाशीच बसलोय मी. ढग डोक्यावर आहे."

फिटरने मान खाली घातली. साहेबांनी त्याला पॅनलकडे बोट दाखवलं. तिने पुन्हा एकदा पडद्याकडे पाहिलं. वजा जागेवर होता आणि त्याच्यापुढचा आकडा वाढत होता.

"ऊन आहे," ती म्हणाली.

फोनमधून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"थांबा, थांबा. ते पलीकडचं सोलरचं छप्पर चमकायला लागलं की. इकडेच येतंय."

साहेब फोन हातात धरून उभे राहिले.

"आलं," वॉचमन म्हणाला. "आत्ता माझ्या पायांवर आलं."